होकार

रावपुऱ्यात, टॉवरच्या मागल्या गल्लीत,
लॅबच्या माळ्यावर एक यजमान आहे:
लोखंडी पेटी, दोन पंखे, एकच डिस्क.
पोटात चार पाहुणे.
रिपोर्ट, बिलं, एक्स-रे आणि बॅकअप.
चौघांनाही वाटतं, आपण एकटेच आहोत
आणि डिस्क आपल्याच नावावर आहे.

सकाळी सातला उपाशीपोटी माणसं येतात,
कोपराच्या खळगीत कापूस दाबून बसतात,
आणि वर ती एवढीशी सुई
चौघांनी एकदम हाक मारल्यासारखी धावते.
बिलाचं एक अक्षर, मग फुप्फुसाचा तुकडा,
मग कुणाची साखर, परत बिल.
वेळ लिहिण्यात जात नाही,
जाण्यायेण्यात जातो.
खालून जिज्ञासाबेनची हाक:
"मॅडम, चकरडुं फर्या ज करे छे."

रविवारी रात्री सेवउसळ खाऊन वर चढले.
बोटांना तर्रीचा वास, तशीच बसले.

पाहुण्यांपुढे यजमान
जुन्या डिस्कचं सोंग घेऊन उभा होता,
वीस वर्षांपूर्वीची चाल, तेच अडखळणं,
केवळ ओळख पटावी म्हणून.
ते सोंग काढलं. असा ड्रायव्हर दिला
ज्याला ठाऊक आहे, आपण पाहुणे आहोत.
निम्मी दमछाक तिथेच संपली.
(स्वतःला मालक समजणाऱ्याला
साध्या गोष्टीलाही किती वेळ लागतो,
हे मी आधी सासरी शिकले होते.)

एक फाइल लागेल तशी फुगत होती,
वीत वीत जागा मागत.
तिची सगळी जमीन एकदाच मोजून दिली.
पाहुणा रांग लावायचा,
यजमान तीच रांग मोडून पुन्हा लावायचा.
पाहुण्याला म्हटलं, तू राहू दे.
बॅकअपला पहाटे तीनची वेळ
आणि सेकंदाला मोजून घास.

राहिली एक ओळ. कॅश.
तिथे एक शब्द बदलला की यजमान
सगळं स्वतःच्या स्मृतीत ठेवून घेतो
आणि डिस्कला कळायच्या आत सांगतो,
"लिहिलं."
लावून पाहिलं.
आकडे असे उडाले की माळ्यावर एकटीच हसले.

मग फणसेकाका आठवले.
याच लॅबचे, कागदाच्या काळातले.
नाव विचारायचे, वय, तपासणी कसली,
मान हलवून म्हणायचे, "लखाई गयुं,"
आणि वही मिटलेली.
रांग कशी झरझर सरकायची!
दहाच्या चहाबरोबर डोक्यातली सगळी नावं
एका दमात वहीत उतरायची.
कधी एक चुकलं नाही, सतरा वर्षं.
एका मंगळवारी पावणेदहाला
खुर्चीतच त्यांचं तोंड वाकडं झालं.
बोलणं परत आलं, दिवाळीनंतर.
नावं आली नाहीत.
रॅकमध्ये रक्ताच्या सदतीस नळ्या,
अजून कोमट,
आणि बाहेर बाकावर सदतीस माणसं
ज्यांना सांगितलं होतं, लिहून झालंय.

यूपीएस एकदा चिवकला.
गल्लीतले दिवे डोळा मिटावा तसे मिटले,
उघडले. एवढंच.

मी तो शब्द खोडला.
डिस्कने पोच दिल्याशिवाय होकार नाही.
आकडे खाली आले. कालच्यापेक्षा बरे,
हसण्याइतके नाहीत.
न फिरणाऱ्या नव्या डिस्कसाठी अर्ज ठेवलाय,
डॉक्टर म्हणतात, मार्चनंतर बघू.

सोमवार, सात वाजून गेलेले.
खिडकीशी एक म्हातारी नाव सांगून
हलेचना, काचेला नाक लावून उभी:
"लख्युं?"
जिज्ञासाबेन पडद्याकडे बघत राहिल्या.
चकरडं एकदा फिरलं,
आणखी अर्धं.
"हा बा," त्या म्हणाल्या,
"हवे लख्युं."